देवनागरी अक्षरं काढून पोट भरता येतं का? (बारावी कॉमर्स, गडहिंग्लज)

भरणीवाला:
नमस्कार मंडळी. मी गडहिंग्लजचा, यंदा बारावी कॉमर्स. बाबा पेंटर आहेत, म्हणजे ट्रकच्या मागची अक्षरं, दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती असलं सगळं. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली, आधी नुसती खडूची दोरी धरायचो, मग बाबा आउटलाइन काढणार आणि मी आतला रंग भरणार असं चालायचं, आता छोट्या पाट्या एकटा करतो. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड आहे. चित्रं येतात पण त्यात जीव रमत नाही, मला अक्षरंच काढायचीत. इन्स्टावर बघतो लोक फॉन्ट बनवतात, पिक्चरची टायटलं करतात, लोगो करतात, तर हे खरंच काम असतं का पैसेवाल्या पोरांचा छंद, हे मला कळेना झालंय. आई म्हणते बीकॉम कर आणि बँकेच्या परीक्षा दे. बाबा तर सरळ म्हणतात ब्रश धरून माझं काय भलं झालं ते रोज बघतोयस की. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम पार कमी झालंय हे खरं आहे, त्यामुळे मला पण उलट बोलता येत नाही.
घरी कंप्युटर नाही, मोबाइल आहे, आणि काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात रात्री पीसी मोकळा असतो. अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या कलेला, जाऊ का? ते कॉमर्सवाल्याला चालतं का? का कॉलेज न करता पण होतं? खरं सांगा, नुसतं मोटिवेशन नको.

मिरज_डिजिटल:
भावा मी तुझ्या बाबांचा शत्रू, फ्लेक्सचं दुकान आहे माझं 😄 म्हणून खरं ते सांगतो. गिऱ्हाईक अक्षराचे पैसे देत नाही, स्क्वेअर फुटाचे देतो. डिझाइन फुकटच पाहिजे असतं आणि ते पण "पाच मिनटात कर की". आमच्याकडं श्रीलिपीचे (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) तेच ते फॉन्ट आहेत, वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळ्याला तेच. पण एक बघ, २०२२ ला कायदा बदलला, दुकानाची पाटी मराठीत पाहिजे आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा बारीक चालणार नाही, वर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पण दोन महिन्यांची मुदत देऊन दुकानदारांना कामाला लावलं. तेव्हा जी झुंबड उडाली त्यात मला एक गोष्ट दिसली, मोठ्या शोरूमवाल्यांचा इंग्रजी लोगो लाखभर रुपये देऊन केलेला आणि त्याच्या शेजारी मराठी नाव म्हणजे कुठला तरी फॉन्ट ताणून लांब केलेला, लई वंगाळ दिसतं. तिथं शहाण्या माणसाला काम आहे. इंग्रजी लोगोच्या वळणाचा मराठी लोगो करून देणारा माणूस आमच्या भागात मला तरी माहीत नाही, पुण्यामुंबईला असतील. आधी कोरल शीक, डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. त्यातलं वळणं काढायचं पेन टूल हातात बसलं की तुझ्या हातातलं अक्षर विकता येईल, तोपर्यंत ते भिंतीवरच राहणार.

अप्लाइडवाली_ताई:
कॉमर्सला चालतं. बीएफए (कलेची पदवी) अप्लाइड आर्टला कुठल्याही शाखेची बारावी लागते, चार वर्षांचा कोर्स. राज्याची सीईटी असते, एमएएच एएसी सीईटी म्हणतात, सीईटी सेलच्या साइटवर फॉर्म येतो. त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन, मेमरी ड्रॉइंग आणि जनरल नॉलेजचा ऑब्जेक्टिव्ह पेपर. इंटरमिजिएट केलीयस म्हणजे पहिले दोन तुला परके नाहीत.
कॉलेजं म्हणशील तर सर जेजेचं नाव सगळ्यात वर, पण ते २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय त्यामुळे तिथली प्रवेशाची पद्धत त्यांच्याच साइटवर बघ, कुणी सांगितलं म्हणून विसंबू नकोस. सरकारी म्हणजे नागपूरचं चित्रकला महाविद्यालय आणि संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, तिथे फी खासगीपेक्षा खूपच कमी. पुण्यात अभिनव, भारती विद्यापीठ. फीच्या आकड्याला घाबरून फॉर्मच न भरणारी खूप पोरं बघितलीत मी, महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, कला संचालनालयाच्या नावाखाली राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पण आहे, बाबांच्या उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ॲडमिशनच्या वेळी तहसीलला जत्रा असते.
आणखी एक दार म्हणजे आयडीसी, आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग. यूसीड परीक्षा द्यायची, तिथे पण कॉमर्स चालतं, पण स्पर्धा देशभरची आणि पेपरचा मोठा भाग तर्क-निरीक्षणाचा. एकदा देऊन बघायला हरकत नाही.
आता कडू बाजू. अप्लाइडला गेलास म्हणजे चार वर्षं अक्षरंच काढशील असं नाही. जाहिरात, पॅकेजिंग, फोटोग्राफी, इलस्ट्रेशन सगळं आहे आणि टायपोग्राफी त्यातला एक भाग. आमच्या वर्गातले बरेच जण आता एजन्सीत सोशल मीडियाच्या पोस्टी करतात, पगार होतो पण रात्रीचे अकरा वाजतात. अक्षराचं वेड टिकवणारे थोडेच राहिले.

भरणीवाला:
ताई एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, दाखल्याचं उद्याच बघतो. दादा कोरल शिकतो पण तुम्ही म्हणता श्रीलिपी, आणि यूट्यूबवर सगळे युनिकोड युनिकोड करतात, मग फॉन्ट बनवणारे नक्की करतात काय? एकदा क ते ज्ञ काढून स्कॅन केलं की झालं ना?

शिरोरेषा:
क ते ज्ञ काढून झालं असतं तर आम्ही सगळे सहाला घरी गेलो असतो :) मी मुंबईत फॉन्टचंच काम करतो, नोकरी आहे, महिन्याला पगार येतो, म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो.
युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर, त्याच्या देवनागरी तक्त्यात जागा आहेत १२८. पण एका बऱ्या फॉन्टमध्ये आकार काढावे लागतात सहाशे-आठशे, कधी त्याहून जास्त, कारण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, रुकार. एकच उदाहरण घे, पहिली वेलांटी. 'कि' ला आखूड कमान पुरते, 'स्थि' ला ती लांब पाहिजे, 'क्ष्मि' ला आणखी लांब, नाहीतर कमान मधेच हवेत तुटल्यासारखी दिसते, म्हणून एकाच वेलांटीचे दहा-पंधरा आकार करून ठेवायचे आणि कुठल्या अक्षराला कुठली लागेल याचे नियम लिहायचे. अनुस्वार कुठे बसेल, रफार आणि मात्रा एकत्र आले तर कोण सरकेल, हे सगळं ठरवून द्यावं लागतं. तुझे बाबा भिंतीवर हे डोळ्यानं करतात, जागा कमी पडली तर वेलांटी वळवतात. फॉन्टमध्ये तो निर्णय आधीच घेऊन ठेवायचा असतो, तू समोर नसताना कोण काय टाइप करेल ते माहीत नसतं.
आणि मराठी माणसाची इथे गरज आहे हे लक्षात घे. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' देतात, काना असलेला ल, तो मराठीत परका वाटतो. शासनानं २००९ च्या निर्णयात मराठी ल आणि श चं वळण ठरवून दिलंय तरी फॉन्टमध्ये ते प्रत्येक वेळी कुणीतरी आठवणीनं करावं लागतं. तसंच कुऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या यातला तो आडवा र. तो बरोबर बसलाय का हे मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं, बाकीच्यांना यादी बघून तपासावं लागतं.
ही लाइन आजची नाही. निर्णयसागर छापखान्याचे खिळे (छपाईचे धातूचे ठसे) १८६९ पासूनच्या काळातले, आजही जुनी पोथी उघडली तर ते देवनागरी बघून आपण गप्प होतो. र. कृ. जोशी जेजेत शिकले, जाहिरातीत होते, मग आयडीसीत शिकवलं, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. कमल शेडगे यांनी पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी जन्मभर अक्षरं काढली, नाटकाचा स्वभाव नावातच दिसायचा. अच्युत पालव यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली ती सुलेखनासाठीच, हे बाबांना सांग. आज मुंबईत 'एक टाइप' नावाची फॉन्ट बनवणारी मंडळी आहेत, त्यांचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट गूगल फॉन्टवर फुकट आहेत, अहमदाबादला इंडियन टाइप फाउंड्री आहे. जागा मोजक्या आहेत हे पण ऐकून ठेव. शंभर पोरांना पुरेल एवढं काम नाही, पण चांगला हात आणि थोडं तंत्र दोन्ही असलेली पोरं तेवढी पण मिळत नाहीत.
पैसे खर्चू नकोस. फॉन्ट बनवायला फॉन्टफोर्ज आणि आकार काढायला इंकस्केप, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, काकांच्या झेरॉक्सच्या पीसीवर चालतील. ग्लिफ्स हे फॉन्टचं सॉफ्टवेअर चांगलं आहे पण ते मॅकवरच चालतं आणि विकतचं, ते पुढं. मुक्त फॉन्टची फाइल डाउनलोड कर, फॉन्टफोर्जमध्ये उघड आणि नुसती बघत बस, कुठला आकार कशासाठी केलाय ते. लायसन खुलं आहे, उघडून बघितलं तर कुणी ओरडणार नाही. मग ग्राफ पेपरवर चपट्या ब्रशनं आधी थोडीच अक्षरं काढ, व न ग त म ल. व जमला की क आणि ब त्यातनंच निघतात.

तिघींचा_बाबा:
मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, पण एक बाप म्हणून लिहितो. बाळा, तुझे वडील विरोधात नाहीत, त्यांना धास्ती आहे. माझी मधली मुलगी ॲनिमेशनला गेली तेव्हा मीही हेच बोललो होतो. तिने वाद घातला नाही, सुट्टीत एका प्रेसचं काम घेतलं आणि आलेले पैसे आईच्या हातावर ठेवले, त्यानंतर घरातला सूर बदलला. बीएफए ही पदवीच आहे, बँकेच्या परीक्षेला पदवी लागते आणि ती कुठल्याही शाखेची चालते, तेव्हा आईचा रस्ता काही बंद होत नाही.

मिरज_डिजिटल:
काका एक नंबर मुद्दा. आणि शिरोरेषा साहेब तुमचं सगळं बरोबर पण पोराला लगेच फॉन्टच्या मागं लावू नका, एक फॉन्ट करायला वर्ष जातं आणि गडहिंग्लजमध्ये त्याचं बिल कुणाला लावणार. लेटरिंग म्हणजे एकेका नावाची अक्षरं काढून देणं, ते वेगळं आणि फॉन्ट वेगळा, लेटरिंगचे पैसे आठवड्यात येतात. मंडळाचा लोगो, टीशर्ट, लग्नपत्रिका, हॉटेलचं नाव, यूट्यूब चॅनेलचं टायटल. आता शॉर्टफिल्म करणारी पोरं गल्लोगल्ली झालीत, त्यांना टायटल पाहिजे असतं पण खिसा रिकामा, त्यांची एक-दोन फुकट कर, नाव टाकायला सांग, तिसऱ्याला पैसे माग.

शिरोरेषा:
मान्य. लेटरिंगनं घर चालव, फॉन्ट शिकत रहा. फुकट कामाबाबत मात्र माझं मत वेगळं आहे, एकदा फुकट केलं की त्या गावात तोच रेट होतो. कमी घे पण घे, आणि सोर्स फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) देऊ नको, चित्र दे.

भरणीवाला:
तालमीच्या पाटीचा फोटो टाकलाय खाली, 'श्री हनुमान तालीम मंडळ', परवाच केली, एकट्यानं. चुका सांगा, राग येणार नाही.

शिरोरेषा:
हात तयार आहे तुझा, हे आधी. 'हनुमान' मधले दोन न वेगवेगळे झालेत, पहिल्याची गाठ गोल आणि दुसऱ्याची टोकदार, पाटीवर चालून जातं पण लोगोत पकडलं जाईल. 'मंडळ' चा अनुस्वार शिरोरेषेला चिकटलाय, लांबून तो टिंब न वाटता रंगाचा ओघळ वाटतो. 'तालीम' मधला ल मात्र मस्त, दोन्ही पाकळ्या एका मापाच्या. 'ळ' च्या पोटात रंग भरलाय, लहान करताना ती जागा आधी बुजते म्हणून आतली पोकळी थोडी जास्तच ठेवायची. आणि 'श्री' तू मोजून काढलेला नाहीस, सवयीनं काढलायस, म्हणून तो सगळ्यात जिवंत आहे. हीच पाटी इंकस्केपमध्ये परत काढ, फोटोवरून ट्रेस नाही, नव्यानं, कमीत कमी नोड (रेषा वळवायचे बिंदू) वापरून. वळणाच्या टोकालाच नोड टाक, मधे नको.

मिरज_डिजिटल:
वरच्या बाजूला जागा जास्त सोडलीय आणि मंडळाचा स्थापना सन विसरलास, अध्यक्ष परत बोलवणार बघ 😂

भरणीवाला:
बोलावलंच आज सकाळी!! सन टाकून आलो. नोडचं आज रात्री बसतो. ताई एक राहिलं, मेमरी ड्रॉइंगला माणसं काढावीच लागतात का, माझी माणसं ओंडक्यासारखी येतात.

अप्लाइडवाली_ताई:
लागतातच. बाजार, एसटी स्टँड, देवळासमोरची गर्दी असलेच विषय असतात आणि दोन-तीन माणसं मोठी पुढे हवीत. तुमच्या स्टँडवर रोज अर्धा तास बस आणि पेननंच काढ, पेन्सिल नको म्हणजे खोडत बसणार नाहीस. चेहरे सोड, आधी उभं राहण्याची ढब पकड, पिशवी धरलेला हात, कडेवरचं पोर, एसटीच्या दाराला लोंबकळणारा. आठवड्यानं इथे टाक, बघू.