कर्नलच्या चाचणीसाठी छोटी यूजरस्पेस: काय वापरता?

अर्धवट_बूट:
मंडळी, सल्ला हवाय. एक फाइलसिस्टिम रीमाउंट केली की कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग येते. कुठल्या कमिटपासून (कोडमधल्या बदलापासून) ते गिट बायसेक्टने, म्हणजे दर फेरीला मधलं कमिट तपासत, शोधतोय. दर फेरीला अख्ख्या डिस्ट्रोची इमेज क्यूएमू या आभासी मशीनमध्ये बूट करतो, आणि सिस्टिमडी सगळ्या सेवा उठवेपर्यंत माझा जीव जातो. म्हणून काल बिझीबॉक्स (शेल, माउंट वगैरे एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये) घालून इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टिम, बनवलं. तर कर्नल '/इनिट चालवता आलं नाही, एरर -२' म्हणून पॅनिक होतो. ती फाइल (कर्नल सर्वात आधी चालवतो ती माझी स्क्रिप्ट) आहे, एक्झिक्यूट परवानगी आहे. अशी छोटी यूजरस्पेस बांधून देणाऱ्या बिल्डरूटकडे वळू, की यू-रूट बघू, की हेच रेटू?

सीरियल_कन्सोल:
हेच रेट, जवळ आलायस. -२ म्हणजे 'सापडलं नाही', पण न सापडलेली गोष्ट /इनिट नव्हे. ती नसती तर कर्नल रूट माउंट करायला गेला असता आणि 'व्हीएफएस'वाला, रूट माउंट होत नाही असं सांगणारा पॅनिक दिसला असता. तुझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतलं शेल तरी तिथे नाही, किंवा बिझीबॉक्स डायनॅमिक लिंक झालाय आणि त्याचा लोडर (लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम) तू आत टाकलेला नाहीस. स्टॅटिक बांध, म्हणजे लायब्ररी त्याच्यातच येतील.

(-८ आला असता तर कर्नलमध्ये ईएलएफचा (लिनक्सच्या बायनरी फाइलींचा) किंवा स्क्रिप्टचा सपोर्टच नाही असं समजायचं. टायनीकॉन्फिगवरून, म्हणजे अगदी छाटलेल्या कर्नल कॉन्फिगवरून, सुरुवात करणाऱ्यांना तो हमखास भेटतो.)

अर्धवट_बूट:
लोडरच! स्टॅटिक केला आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच शेल. पण स्क्रिप्ट संपली की 'अटेम्प्टेड टू किल इनिट'.

सीरियल_कन्सोल:
पीआयडी १ ने, म्हणजे पहिल्या प्रोसेसने (इथे तुझं /इनिट), मरायचं नसतं. शेवटच्या ओळीत सक्तीचं रीबूट टाक आणि क्यूएमूला नो-रीबूट पर्याय दे, म्हणजे तो बंद होतो. पॉवरऑफ नको, कारण छाटलेल्या कॉन्फिगमध्ये एसीपीआय (मशीन बंद करायची सोय) नसेल तर मशीन तसंच लटकून राहतं. कर्नलच्या कमांडलाइनवर पॅनिक=-१ दे, म्हणजे पॅनिकनंतरही लगेच रीबूट, म्हणजेच बाहेर.

आता खरी मेख. क्यूएमूच्या एक्झिट कोडवर विसंबू नकोस. चाचणी पास होवो, नापास होवो, पॅनिक होवो, तो शून्यच देतो. स्क्रिप्टमधून सीरियलवर दोन ओळी छाप: माउंट करण्याआधी 'सुरू' आणि शेवटी 'पास' किंवा 'नापास'. बाहेरची स्क्रिप्ट तो लॉग वाचेल. 'सुरू'च दिसली नाही किंवा कर्नल बांधलाच गेला नाही, तर १२५ परत दे. बायसेक्ट ते कमिट वगळतो. हे केलं नाहीस तर मधलं भलतंच कारण असलेलं, न बूट होणारं कमिट 'वाईट' ठरतं आणि शेवटी कुणा निरपराध माणसाच्या पॅचवर बोट येतं. एकदा मी तशी ईमेलही पाठवून बसलोय. असो.

रिकामी_स्टॅक:
एवढा खटाटोप का करता? व्हर्टमी-एनजी वापरा. नवा कर्नल तुमच्याच मशीनच्या रूट फाइलसिस्टिमवर उठतो, इमेज नको, सीपीआयओ (इनिटरॅमएफएसची गठ्ठा-फाइल) नको. सगळी नेहमीची टूल्स हाताशी.

सीरियल_कन्सोल:
रोजच्या कामाला मीही तेच वापरतो. पण त्याला होस्टची फाइलसिस्टिम आत न्यायला ९पी किंवा व्हर्टआयओ-एफएस लागतं, आणि बायसेक्टमध्ये जुन्या कमिटवर जाताना जितके कमी भाग तितकं बरं. @अर्धवट_बूट, तपासायची फाइलसिस्टिम वेगळ्या डिस्क इमेजवर ठेव आणि स्नॅपशॉट पर्याय लाव, म्हणजे प्रत्येक फेरीला डिस्क पुन्हा मूळ स्थितीत. तिचा आणि डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांध, मॉड्यूल नको.

अर्धवट_बूट:
सगळं जमलं. आणि आता वॉर्निंगच येत नाही! जो कर्नल डिस्ट्रोच्या इमेजमध्ये हमखास रडतो, तोच इथे 'पास'. 😐

रिकामी_स्टॅक:
आता माझी पाळी. 😄 माउंट कुणाचं वापरतोयस? बिझीबॉक्सचं असेल तर ते जुना माउंट सिस्टिम कॉल करतं. यूटिल-लिनक्स २.३९ पासून (२०२३) डिस्ट्रोचं माउंट नव्या एपीआयने जातं: एफएसपिक, एफएसकॉन्फिग वगैरे. कर्नलमध्ये दोन्ही वाटा बऱ्याच अंतरापर्यंत वेगळ्या आहेत. डिस्ट्रोमध्ये एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून बघ.

अर्धवट_बूट:
बघितलं. तिथे एफएसकॉन्फिग आहे, बिझीबॉक्समध्ये नाही. मग एलडीडीने लायब्ररींची यादी काढली, त्या, लोडर आणि डिस्ट्रोचं माउंट असं सगळं इनिटरॅमएफएसमध्ये कोंबलं. वॉर्निंग आली, पहिल्याच रीमाउंटला. इमेज थोडी फुगली, पण चालेल. बायसेक्ट लावून झोपायला जातोय.

सीरियल_कन्सोल:
मान गये, @रिकामी_स्टॅक. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. @अर्धवट_बूट, झोपण्याआधी एक: ज्या जुन्या कर्नलला तू 'चांगला' म्हणालास, त्यावर हे नवं माउंट घालून एकदा तपासून घे. त्यावरची आधीची चाचणी बिझीबॉक्सच्या माउंटने झाली असेल तर तो 'चांगला' शिक्का रद्द.