शब्दचर्चा: ‘हवामान निधी’ की ‘हवामान कर्ज’?

एका लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीच्या जी-२० परिषदेत इंडोनेशियाची कोळशावरची वीज कमी करण्यासाठी २० अब्ज डॉलर जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात व्हिएतनामसाठी १५.५ अब्ज. मी लिहिलं, ‘हवामान निधी मिळाला.’ संपादकांनी ‘निधी’भोवती लाल गोल केलाय. काय चुकलं?

*

ताई, संपादकांचं बरोबर आहे. ‘निधी’ म्हटलं की आपल्याला आमदार निधी आठवतो. आला, खर्च झाला, परत करायचा प्रश्नच नाही. या दोन्ही रकमांमध्ये अनुदान अगदी थोडं आहे. बाकी सगळी कर्जं, कर्जाच्या हमी आणि खासगी बँकांनी उभा करायचा पैसा. म्हणजे ‘मिळाला’सुद्धा खटकतं, कारण तेव्हा फक्त कबूल झालं होतं.

*

मग सरसकट ‘गुंतवणूक’ लिहिलं तर?

*

जिथे खरंच गुंतवणूक आहे तिथे जरूर लिहा, फार चपखल शब्द आहे. त्यात ‘गुंतणं’ आहे. कोळशाच्या वीजकेंद्राला वर्षानुवर्षं कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पाला ऊन फुकट, पण पॅनेल, इन्व्हर्टर, तारा, जमीन हा सगळा खर्च आधीच करावा लागतो आणि तो पैसा वीसपंचवीस वर्षं गुंतून पडतो. म्हणून व्याज थोडं चढलं तरी युनिटचा दर चढतो. त्यात कर्ज डॉलरमध्ये आणि विजेची बिलं व्हिएतनामच्या डोंगमध्ये किंवा इंडोनेशियाच्या रुपियामध्ये. चलन घसरलं की हप्ता फुगतो. ‘निधी’ या शब्दाने हे सगळं झाकलं जातं, माझा आक्षेप त्याला आहे. हप्ता फेडणाऱ्या देशाला आपण दान घेणारा ठरवतो.

*

‘बॉण्ड’ला मात्र ‘रोखे’च ठेवा. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक कर्जरोखा होता, घडीवर फाटत आलेला, खाली अंगठा. देणं लागतो, असं लिहून दिलेला कागद. आपल्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ८,००० कोटींचे पहिले सार्वभौम हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने काढलेलं कर्ज) विकले, त्यातले पाच वर्षांचे ७.१० टक्के व्याजाने. पुढच्याच महिन्यात इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे काढले. नर्मदेचं पाणी जलूदहून शहरापर्यंत चढवायला पंपांना प्रचंड वीज लागते, तिच्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. तिथे कर्ज, काम आणि परतफेड, तिन्ही स्पष्ट दिसतात. ‘इंदूरला हरित निधी’ असं कुणी लिहिलं तर मला वाईट वाटेल.

*

वाक्य बदललं: ‘कर्जं, हमी आणि थोडं अनुदान मिळून २० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं.’ मथळ्यात जागा कमी आहे, ‘हमी’ऐवजी ‘जामीन’ चालेल?

*

नको. माणूस माणसाला जामीन राहतो. सरकार किंवा बँक देते ती हमी. शिवाय मथळ्यात ‘जामीन’ दिसला की वाचकाला कोर्टाची बातमी वाटेल.