नोकरी शोधताना कुठला गैरसमज तुम्हाला महागात पडला?

परवा भाच्याचा फोन, मामा दोनशे ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही, माझं काय चुकतंय. मला एकदम माझं कार्ड आठवलं. 1998 ला सोलापुरात बीकॉम झालो आणि वडिलांनी आधी काय केलं तर एम्प्लॉयमेंट एक्सचेंजला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नेऊन नाव घातलं. ते कार्ड रेशनकार्डाच्याच प्लॅस्टिक पिशवीत जपून ठेवलेलं. घरात ठरलेलं वाक्य, "नंबर लागला की कॉल येईल." दीड वर्ष पोस्टमनची वाट बघितली हो! फार नंतर कळलं की 1959 च्या कायद्याप्रमाणे कंपनीने रिकामी जागा एक्सचेंजला कळवायची एवढंच, तिथलाच माणूस घ्या अशी सक्ती नाहीच. आणि सरकारी जागांचं म्हणाल तर 1996 लाच सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की नुसत्या एक्सचेंजच्या यादीवर भागवू नका, पेपरातही जाहिरात द्या. पेपर आमच्याकडे रोज यायचा, राशिभविष्यासाठी. शेवटी पहिली नोकरी लागली ती गल्लीतल्या एका काकांमुळे, ते ज्यांच्याकडे रिटर्न भरायचे त्या वकिलांना हिशोबाला पोरगा हवा होता.

तुमचंही लिहा. छोटं मोठं काहीही चालेल.

चाकणवाला
आयटीआय फिटर. आमच्या गावात सगळ्यांना वाटतं मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लागला म्हणजे पोरगा पर्मनंट, आईनं तर पेढे वाटले होते. मी पण तसाच समजून वर्षभर राबलो, सुट्टी नाही, सुपरवायझरनं सांगितलं ते सगळं केलं आणि वर्ष संपल्यावर सर्टिफिकेट देऊन गेटबाहेर. राग आला पण चूक माझीच, करारात लिहिलेलं असतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार धरत नाहीत आणि पुढं घ्यायचं का नाही ते कंपनी ठरवणार, मी वाचलंच नव्हतं, सही केली नुसती. पण एक सांगतो, ते एनएसी, म्हणजे अप्रेंटिसशिपचं सरकारी सर्टिफिकेट, वाया जात नाही. पुढची नोकरी रांजणगावला त्याच्यावरच मिळाली, फक्त त्या वर्षात मी दुसरीकडं एक पण अर्ज केला नव्हता त्यामुळं मधे पाच महिने घरी बसलो आणि पेढ्याचं उत्तर देत बसलो ते वेगळंच.

दोन मुलांची आई, ठाणे
मी 2015 मध्ये अकाउंट्सची नोकरी सोडली, 2022 ला परत शोधायला लागले. सगळ्यांचा एकच सल्ला, गॅप लपव. बहिणीने तर फ्रीलान्सिंग केलं म्हणून सांग असं पढवून पण घेतलं, आरशासमोर उभी राहून प्रॅक्टिस केलीय मी. इंटरव्ह्यूला गेले तर गॅपबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी विचारलं, जीएसटीआर 2बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवर येणारं स्टेटमेंट) कसं जुळवता? मी सोडलं तेव्हा व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स होता हो, जीएसटी आला जुलै 2017 ला आणि तेव्हा मी डबे भरत होते. गॅपचं उत्तर पाठ, कामाचं शून्य. मग एका सीएच्या ऑफिसात तीन महिने जवळजवळ फुकट बसले, रिटर्न भरायला शिकले, चौथ्या महिन्यात नोकरी. इतकी वर्षं घरी का होतात ते आजतागायत कोणी विचारलेलं नाही, सासरचे सोडून.

एचआरवाली
टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी. एक, ते दोन कॉलमचे रंगीत सीव्ही. बऱ्याच ठिकाणी आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला ते नीट वाचता येतंच असं नाही, साधा ठेवा. दुसरं म्हणजे "एक्सपिरियन्स लेटर मॅनेज होतं" हा गैरसमज. अहो पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरवर, कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत सगळं दिसतं. जॉइन होऊन दीड महिना झालेल्या मुलाला त्यावरून घरी पाठवावं लागलं, वाईट वाटलं कारण कामाला खरंच चांगला होता.

आणि हो, वशिला. आतल्या माणसाने सीव्ही पुढे सरकवला तर तो वाचला जातो हे खरंय, पण पुढचे तीन राउंड तुमचे तुम्हालाच द्यायचे असतात. काही वेळा जागा आधीच ठरलेली असते आणि जाहिरात नावाला, हेही खरंय. नाकारत नाही.

नाशिकचा एक मूर्ख
ट्रेनिंग किटचं डिपॉझिट, 2,500 रुपये, रिफंडेबल. पुढचं सांगत नाही.

पगारदार
सहा लाखाचं पॅकेज, भागिले बारा, पन्नास हजार! 2019 मध्ये हा आकडा मी घरी सांगितला, घरच्यांनी स्थळांना सांगितला. हातात आले 39 हजार. साठ हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारे, ते वर्षाअखेर आणि तेही मिळाले तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ सीटीसीतच, म्हणजे त्या सहा लाखातच, धरलेला, ग्रॅच्युइटीपण धरलेली जी तेव्हा पाच वर्षं टिकलो तरच मिळणार होती, वर माझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स वेगळा. ऑफर लेटरला जोडलेल्या शेवटच्या पानावर सगळं होतं, मी पहिल्या पानाचाच फोटो स्टेटसला लावला होता.

धागाकर्ता
एचआरताई, तुमचं वाचून भाच्याचा सीव्ही मागवला. चार पानं, दोन कॉलम, वर गॉगलवाला फोटो, छंद क्रिकेट बघणे. ईमेल आयडी दहावीतला आहे, तो इथे लिहिण्यासारखा नाही. रविवारी येतोय तो घरी.