मदत हवी आहे: संशोधनात सहभागी होणाऱ्या अंगणवाडी सेविकांना संमती घेण्याचे प्रशिक्षण कसे द्यावे?

नमस्कार मंडळी,

उच्च रक्तदाबाची औषधे लोक मध्येच का सोडतात, याचा अभ्यास गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या काही गावांत करण्याची तयारी आमची छोटी संस्था करत आहे. इतर राज्यांत असे काम बहुधा आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले जाते. गोव्यात आशा योजना राबवली गेलेली नाही, त्यामुळे वाड्यावाड्यांवर रोजचा वावर असणाऱ्या म्हणजे अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातील एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका). त्यांपैकी ज्या सेविका आपणहून पुढे आल्या, त्यांना या अभ्यासासाठी तयार करायचे आहे. खात्याची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता यांची प्रक्रिया सुरू आहे.

रक्तदाब मोजण्याच्या प्रशिक्षणाची मला फारशी चिंता नाही. माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेला नसावा आणि दोनदा मोजावे, हे सरावाने अंगवळणी पडते. सरावाच्या एका वहीत मात्र 120/80, 130/80, 140/90 असे सगळेच आकडे शून्यावर संपलेले दिसले. यंत्रावर 137 दिसत असताना 140 लिहिले, तर एखाद्या निरोगी माणसाची गणना रुग्णांत होते, हे त्याच वहीतली उदाहरणे घेऊन समजावल्यावर सर्वांना पटले.

खरी अडचण संमतीची आहे. सरावासाठी दोन सेविकांना समोरासमोर बसवले. गृहिणीची भूमिका करणारी म्हणाली, "घरात विचारून सांगते." त्यावर दुसरी सहज बोलून गेली, "अगो, मी आहे ना, कर सही." तिचा हेतू वाईट नव्हता, तिचे रोजचे काम याच आपुलकीवर चालते. पण जिच्याकडून मुलांचा पोषण आहार मिळतो, जी गरोदरपणी घरी येऊन चौकशी करते, तिला नाही कसे म्हणायचे, हा संकोच समोरच्या बाईच्या मनात असतोच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्वेच्छेने दिलेल्या संमतीवर आणि केव्हाही माघार घेण्याच्या हक्कावर भर देतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्षपाती साक्षीदारही सुचवतात. सेविका स्वतः संमती घेत असताना तिचीच मदतनीस साक्षीदार म्हणून बसली, तर तिला निःपक्षपाती म्हणता येईल का?

गोव्यात या दिशेने मोठे काम झालेले आहे, याची मला जाणीव आहे. नैराश्य आणि चिंताविकारांवरील 'मानस' या चाचणीत 12 सरकारी आरोग्य केंद्रे आणि 12 खाजगी दवाखाने होते, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांनी त्यात समुपदेशकाचे काम केले. परंतु त्या या कामासाठीच नेमलेल्या होत्या. आमच्या सेविका अंगणवाडी, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरील नोंदी आणि त्यावर हा अभ्यास असे तिन्ही सांभाळणार आहेत, म्हणून तिथला अनुभव जसाच्या तसा इथे लागू होईल असे मला वाटत नाही.

एक मार्ग मला सुचतो: ओळखीच्या सेविकेने घरी नेऊन केवळ परिचय करून द्यावा, आणि संमती व मुलाखत शेजारच्या गावातील सेविकेने घ्यावी. यात वेळ आणि प्रवासखर्च वाढेल, तो आम्ही सोसू. मला भीती आहे ती वेगळीच. अनोळखी बाईसमोर लोक खरे बोलतील का? शिवाय सेविकांना नुसते अर्ज भरणारे हात समजणे मला मान्य नाही. आमच्या प्रश्नावलीत "औषध नियमित घेता का?" असा प्रश्न होता. त्यांच्यापैकी एकीने सांगितले की याला सगळे हो म्हणतील. त्याऐवजी गोळ्यांची स्ट्रिप आणायला सांगावी, उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि मग कारण विचारावे. गावातल्या ओळखीशिवाय ही सूचना आली नसती.

म्हणून ज्यांनी अंगणवाडी सेविका, आशा किंवा एएनएम यांच्यासोबत प्रत्यक्ष अभ्यास केला आहे, त्यांना विनंती आहे की संमती कोणाकडून घेतली आणि नकार ऐकून घेण्याचा सराव कसा करून घेतला, ते सविस्तर लिहावे. "विचारून सांगते" हा नकार धरून तिथेच थांबावे, की एकदा पुन्हा जावे? नकार देणाऱ्यांची नोंद ठेवताना गावात त्यांचे नाव होऊ नये, म्हणून काय केले? कोंकणीत तोंडी वाचून दाखवता येईल असे माहितीपत्रक कोणी तयार केले असेल, तर त्याचा नमुना मिळाल्यास मोठा आधार होईल. सेविकांना मानधन किती आणि कोणत्या स्वरूपात दिले, हेही कळवावे. दर अर्जामागे पैसे दिले तर सह्या गोळा करण्याची घाई वाढेल, असे माझे मत आहे.

पहिले सत्र चतुर्थीनंतर ठेवले आहे. त्याआधी उत्तरे मिळाली, तर आराखड्यात बदल करता येतील.