अमेरिकेत राहायचं तर इंग्रजी शिका, यात चुकलं काय?

टेक्सासकर
१ मार्च २०२५ला ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा केलं. इंग्रजी न येणाऱ्यांची सोय पाहा, असं केंद्राच्या खात्यांना बजावणारा क्लिंटन यांचा २०००चा आदेशही रद्द झाला. आमच्या मित्रमंडळींत तेव्हापासून सुतक. मला नाही वाईट वाटलं. मी आलो तेव्हा कुणी मराठीत फॉर्म छापला नव्हता. मुंबईत येणाऱ्यानं मराठी शिकावी म्हणणारे आपणच ना?

बेळगावचा बापू
तुम्ही विमानानं आलात. न्यू मेक्सिकोतले स्पॅनिश बोलणारे कुठून आले नव्हते, १८४८च्या तहात त्यांच्या घरादारासकट मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. आमचं १९५६ला तेच झालं. आम्ही मराठीत परिपत्रकं मागतो तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूचे?

टेक्सासकर
तुमच्याच. पण आजचे बहुतेक स्पॅनिशभाषक त्या १८४८वाल्यांचे वंशज नाहीत, नंतर आलेले आहेत. बेळगावची उपमा त्यांना कशी लावता?

फळा-खडू
मी कॅलिफोर्नियात शिकवते. इथं १९९८ला ६१ टक्के मतदारांनी द्वैभाषिक वर्ग जवळजवळ बंद पाडले आणि २०१६ला ७३ टक्क्यांनी ती बंधनं उठवली. आता माझ्या वर्गात अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी. घरी फक्त इंग्रजी बोलणारे पालकही प्रवेशासाठी रांग लावतात. (आपले मराठी आईबापही आहेत हं त्यात. मराठी मात्र रविवारी दोन तास!) मुलं इंग्रजी शिकणार नाहीत ही भीती सोडा. नातवंडांपर्यंत स्पॅनिशच गळून पडते.

जुना निवासी
बाई, १९९८चं अर्धंच सांगितलंत. त्याआधी १९९६ला लॉस एंजेलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेवर बहिष्कार टाकला तो स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांनीच. शिवणकामाच्या कारखान्यांत राबणारी माणसं. पोरांना इंग्रजी शिकवा, एवढंच मागणं. गोरगरिबांना काय हवं ते आपण परस्पर ठरवतो.

फळा-खडू
खरं आहे. तेव्हाचे बरेच वर्ग नावालाच द्वैभाषिक होते.

दुभाषी
शाळेचं तुम्ही बघा, मी इस्पितळाचं सांगते. एकदा पोचायला उशीर झाला. तोवर डॉक्टरांचं बोलणं नऊ वर्षांचा मुलगा आईला सांगत होता. गाठ म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. पण ते तिला सांगताना तो एक शब्द गाळत होता. मी आत गेल्यावर तो शब्द मला उच्चारावा लागला. आता ‘इंग्रजी शिका’ हे मी त्या बाईला कधी सांगायचं? बायोप्सीच्या आधी की नंतर?

टेक्सासकर
इस्पितळ आणि कोर्ट सोडलं, जा. पण मतपत्रिका? नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत द्यायची आणि मत स्पॅनिशमध्ये? (त्या परीक्षेतून वयस्कांना सूट असते, माहीत आहे. म्हाताऱ्यांचं बोलत नाहीये मी.)

बेळगावचा बापू
पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर जन्मलेला माणूस १९१७पासून अमेरिकेचा नागरिक. त्याची सगळी शाळा स्पॅनिशमधून. तो उद्या न्यूयॉर्कला राहायला आला की तिथला मतदार. त्यानं कुठली परीक्षा दिली होती?