मदत हवी आहे: नव्या काळ्या गाडीला मशीन पॉलिश करावं काय?

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी काळी गाडी घेतली, रोज खानापूर-बेळगाव ये-जा, पावसात तांबडी माती पार काचेपर्यंत उडते. आत्ताच उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायलेत, आणि दारांवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे, ते तर कंपनीतूनच आलेत. ओळखीचा डिटेलिंगवाला (गाडी चकाचक करून देणारा) म्हणतो कटिंग मारू, म्हणजे खरखरीत पॉलिशनं वरचा थर घासू, आरसा होईल बघा. पण रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचाच (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो, एकदा घासून गेला की परत येत नाही, म्हणून धाडस होत नाही. नुसतं मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश लावून भागेल काय? पेंटची जाडी मोजायचं मीटर बेळगावात कुणाकडं आहे काय? घरातली पहिलीच गाडी आहे, सांगा की कुणीतरी.