रेडिएटरचा फॅन फिरत नाही: कुठून बघायला सुरुवात करता? (अनुभव धागा)

उसाच्या हंगामात इस्लामपूर–सांगली रस्त्यावर ट्रॉलीमागं रांगत निघालं की इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो. हे लक्षण फॅनचं. ऐंशीच्या वेगातही काटा चढत असेल तर फॅनला दोष देऊ नका. थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा चोक झालेला रेडिएटर बघा. इलेक्ट्रिक फॅनवर हात बसलेल्यांनी आपापली पद्धत लिहा. गोष्टी नकोत, नेमकं लिहा.

सातारा, एमआयडीसी
पहिलं काम एसी लावणे. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर धरला की फॅन लागतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे, संशय तापमानाच्या सेन्सरवर. दोन्हीकडे फिरत नाही तर फ्यूजपासून सुरू करा. एक मेख मात्र आहे: एसीत गॅसच नसेल तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर लागू देत नाही, मग फॅनही येत नाही आणि चांगल्या मोटरवर आळ येतो.

मिरज
फॅनचा फ्यूज बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. वरून बघून पास करू नका, पट्टीला केसाएवढी चीर असते. टेस्ट लॅम्प दोन्ही पायांवर लावा. उडालेला असेल तर मोठा फ्यूज घालायचा नाही. जाम मोटर जास्त करंट ओढते, फ्यूज नाही उडाला तर वायरिंग जळतं.

मग रिले, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणारा डबीतला स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा, तेवढ्याच पायांचा असेल तर अदलाबदल करा. टकटक आवाज आला म्हणजे रिले चांगला असं नाही. कॉइल ओढते, पण आतला पॉइंट जळलेला असतो. रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरचे पाय जाड वायरनं जोडा. फॅन फिरला तर मोटर, तिची वायर आणि अर्थिंग तिन्ही पास. मग ८५-८६ कडं, म्हणजे कॉइलच्या पायांकडं वळा: बऱ्याच गाड्यांत एका पायावर चावी ऑन केली की करंट असतो, दुसऱ्याला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अर्थ देतो.

कराड
वरच्याला जोड देतो. कपलर, म्हणजे वायरींचा प्लग! मीटरवर बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. कपलर सुटा असताना वायरच्या एका धाग्यावरूनही बारा दिसणारच. २१ वॉटचा बल्ब लावा, मंद पेटला तर वाटेत कुठंतरी अडकलंय. कपलरची पिन तपकिरी पडलेली, प्लॅस्टिक फुगलेलं दिसलं की मोटर बदलण्याआधी तो बदला. वायर पिळून टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे, पावसाळ्यात परत तेच. नीट क्रिम्प करा, म्हणजे पिन पकडीनं दाबून बसवा.

सांगली, शंभरफुटी रोड
मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकल्यावर फॅन चालू झाला, तर मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत. आज चालला, उद्या बसणार. २०१९ च्या पुरात बुडालेली गाडी वापरलेली घेतली असेल तर मोटरचे बुश आणि अर्थचा बोल्ट आधी बघा. पातं हातानं फिरवून बघताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन लागतो आणि बोटं जातात.

सेन्सरचं: थंड असताना, वीस अंशाला, साधारण दोन ते तीन किलोओहम दाखवतो, ऐंशी अंशांच्या पुढं तीनशे ओहमच्या आसपास किंवा खाली. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरा. इंजिन चालू असताना सेन्सरचा कपलर काढला तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू घाबरून फॅन लावतो. लागला तर पुढचं वायरिंग पास. चेक लाइट पेटेल, ती नंतर घालवता येते. जुन्या गाडीत रेडिएटरलाच दोन वायरचा स्विच असेल तर त्या दोन वायर एकमेकींना जोडा.

आणि पाणी बघा की राव! लेव्हल खाली गेली की सेन्सर वाफेत लटकतो, त्याला खरी गरमी कळतच नाही. बोअरचं पाणी घालणाऱ्यांच्या सेन्सरवर तर क्षाराचा पांढरा थर असतो.

वाई
पसरणी घाटात अडकलात तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल. घाम येईल, पण इंजिनची गरमी बाहेर निघते. काटा लालला टेकला तर बाजूला घेऊन बंदच करा. कॅप अर्धा तास तरी उघडायची नाही. आत साधारण एक बारचा दाब असतो, सोडला की उकळतं पाणी तोंडावर येतं.

विटा
डॅशबोर्डवर स्विच टाकून फॅन डायरेक्ट केला तर चालेल का?

मिरज
घरापर्यंत चालेल भाऊ, पण रिलेमधूनच. पंधरा-वीस अँपिअर साध्या स्विचमधून नेले तर स्विच वितळतो. आणि चालू करायला विसरलात की इंजिन तापून हेड गॅस्केट जातं.

कोरेगाव
ट्रॅक्टर आणि जुन्या जीपवाल्यांनी हे सगळं सोडा, तुमचा फॅन बेल्टवर आहे. बेल्टचा ताण बघा.

सातारा, एमआयडीसी
राहिलंच. मोटर बदलल्यावर फॅन फिरतो तरी गाडी तापते, असं झालं तर वायर उलट्या लागल्यात का बघा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा धरा. जाळीला चिकटून बसला पाहिजे. उडून हातात आला तर हवा उलटी चाललीय.